ट्रायसेराटॉप्सचे पुढचे पाय हत्तीसारखे की पालीसारखे?

शाडूवाला

मंडळी, नमस्कार. मी पेणचा. घरचा गणपतीचा कारखाना, माझी तिसरी पिढी. नवरात्रातल्या देव्या रवाना झाल्या की दोनेक महिने हाताला फारसं काम नसतं, तेव्हा फायबरची कामं घेतो. हॉटेलच्या दारातला मावळा, शाळेतली सरस्वती, कुठल्या रिसॉर्टच्या तळ्यातली मगर. यंदा एका नगरपालिकेच्या बागेचं काम मिळालं. डायनासोर हवाय, बारा फूट लांब, तीन शिंगांचा. नमुना म्हणून साहेबांनी नातवाचं प्लास्टिकचं खेळणं हातात दिलं. त्याचं एक शिंग चावून चावून बोथट झालेलं.

सांगाडा वेल्ड करून झालाय, मातीही चढवली. हत्ती मी झोपेत करीन, म्हणून पाय चारही हत्तीचे केले, खांबासारखे सरळ, पुढे गोल नखं. मागची ती मोठी पाटी आहे ना डोक्याची, ती शालीसारखी पाठीला चिकटवून दिली, म्हणजे मान दाखवायची भानगड नको. तोंडात पुढे दात बसवले. शेपटी जमिनीला टेकवली, तेवढाच तिसरा आधार.

परवा पुतणी कारखान्यात आली. सातवीत आहे. पेरू खात खात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "काका, तुम्ही हत्ती आणि कासवाचं लग्न लावलंय." मग नेमकं चुकलं काय ते सांग म्हटलं, तर तिलाही सांगता येईना. फक्त "असा नसतो" एवढंच.

आता ते डोक्यातून जात नाही. माती ओली आहे, फायबर मारलेलं नाही, म्हणजे कापाकापी करता येईल. जाणकारांनी सांगावं. फोटोंवर माझा भरवसा नाही; दहा चित्रं बघितली तर दहा तऱ्हेचे पाय. हाडांवरून काय दिसतं ते हवंय. अर्धे पैसे आलेत आणि बाग २६ जानेवारीला उघडायची आहे.

---

कोकणी_गडी

पालीसारखे. लहानपणी एक पुस्तक होतं माझ्याकडे, त्यात चारही पाय फाकवून बसलेला होता. करून टाका दादा, नगरपालिकेत कोण बघतंय.

---

डेन्व्हरकर

शाडूवाले दादा, तुमच्या पुतणीला माझ्याकडून एक पेरू.

मी मूळचा साताऱ्याचा, १४ वर्षं झाली डेन्व्हरला आहे. नोकरी संगणकाची, शनिवारी मात्र इथल्या संग्रहालयाच्या जीवाश्म विभागात हाडांवरचा दगड सुईने टोकरत बसतो. फुकटचं काम, पण आठवडाभर त्याचीच वाट बघतो. तीन शिंगवाल्याची गोष्ट सुरू झाली तीही याच गावाजवळ, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी पाय, कारण तुम्ही तेच विचारलंय. हत्तीचे नाहीत आणि पालीचेही नाहीत. दोन्ही बाजूंनी शंभर वर्षं भांडण झालं. मागचे पाय तुम्ही केलेत तसे, सरळ, खांबासारखे. ते ठेवा, फक्त बोटं चार करा. पुढचे पाय मागच्यांपेक्षा आखूड असतात, त्यामुळे पाठीचा सगळ्यांत उंच भाग कंबरेवर येतो आणि तिथून खांद्याकडे उतार लागतो. कोपर किंचित वाकलेलं आणि जरासं बाहेर. किती? तालमीत जोर काढायला सुरुवात करताना कोपर जेवढं सैल पडतं, तेवढंच. त्याहून खाली गेलात तर पाल होईल.

पंजा हीच खरी गंमत आहे. टोकियोच्या राष्ट्रीय निसर्ग-विज्ञान संग्रहालयात एक ट्रायसेराटॉप्स आहे, त्याच्या पुढच्या पायाची हाडं जागच्या जागी राहिलेली सापडली. फुजिवारा नावाच्या संशोधकाने २००९ साली त्यावरून पंज्याची ठेवण मांडली. पुढच्या पायाला पाच बोटं. पैकी आतल्या बाजूची तीन जाड, टोकाला खुरासारखी, आणि सगळं वजन त्यांच्यावर. चौथं-पाचवं बारीक, खुराशिवाय, नुसतं बाजूला लोंबतं. आणि बोटं नाकासमोर रोखलेली नाहीत. तळवा मागे आणि थोडा आत वळलेला, बोटांची टोकं पुढे आणि बाहेर. हत्तीची गोल उशी इथे नाहीच. तुमच्या पुतणीच्या डोळ्याला हेच खटकलं असणार.

पायांत चुकलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने १९०५ साली जगातला पहिला ट्रायसेराटॉप्सचा सांगाडा उभा केला. निदान दहा जनावरांची हाडं जुळवून केलेला. मागच्या पायांचे पंजे मिळाले नव्हते, म्हणून बदकचोच्या डायनासोरचे लावून टाकले! डोकंही धडाच्या मानाने लहान जनावराचं पडलं. नव्वदएक वर्षं लोक तिकीट न काढता ते बघून गेले. १९९८ मध्ये तो उतरवला, एकेक हाड संगणकात मोजून घेतलं आणि २००१ मध्ये दुरुस्त करून साच्यातली हाडं उभी केली. म्हणजे तुमचाच धंदा, दादा. आता तो कोसळलेल्या अवस्थेत मांडलाय आणि वर टी-रेक्स पाय देऊन उभा आहे.

आता मान. ही चूक पायांपेक्षा मोठी आहे. ती मागची पाटी, आम्ही तिला झालर म्हणतो, ती कवटीचंच हाड आहे, आणि पाठीला कुठेही चिकटलेली नाही. मान कवटीला जोडलेली असते झालरीच्या खाली, डोक्याच्या साधारण मध्यावर. तिथे सोललेल्या नारळाएवढा हाडाचा गोळा असतो, चांगला गुळगुळीत, आणि मानेचा पहिला मणका त्या गोळ्यावर फिरतो. म्हणजे एवढं अवजड डोकं, पण कुठेही वळवता येणारं. वजन पेलायला मानेचे पहिले तीन-चार मणके एकजीव होऊन एकच ठोकळा झालेला असतो. तुम्ही झालर पाठीपासून सुटी करा, खाली अंधार दिसू द्या. जनावर त्या क्षणी जिवंत होईल.

डोकं मोठं करायला घाबरू नका. आठ मीटर जनावराला अडीच मीटरची कवटी, म्हणजे लांबीच्या जवळपास तिसरा हिस्सा. तुमच्या बारा फुटांत पावणेचार फूट नुसतं डोकं. 'बिग जॉन' म्हणून एक होता, दक्षिण डाकोटात २०१४ साली सापडलेला. त्याची कवटी २.६२ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याचा सांगाडा ६६ लाख ५० हजार युरोंना गेला. (खासगी माणसाने विकत घेतला. मला हा हाडांचा बाजार आवडत नाही, पण तो विषय वेगळा.)

तोंडातले पुढचे दात काढून टाका. पुढे पोपटासारखी चोच. वरच्या चोचीला आधार देणारं एक जादा हाड याच कुळात असतं, दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात नाही. दात पार मागे, गालाच्या आत. वर-खाली, डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला ३६ ते ४० उभ्या रांगा, आणि एकेका रांगेत तीन ते पाच दात एकावर एक रचलेले. वरचा झिजला की खालचा तयार. सगळे मोजले तर ८०० पर्यंत जातात. पण एका वेळी कामाला लागतात ते थोडेच. गायीसारखं आडवं रवंथ नाही. दोन्ही जबडे एकमेकांच्या बाजूने सरकतात आणि मधे येईल ते कापतात. इथल्या लोकांना मी कात्रीची उपमा देतो. तुम्हाला अडकित्ता म्हटलं की पुरे. २०१५ मध्ये एरिक्सन आणि मंडळींनी त्या दातांची चकती कापून बघितली. दाताला पाच वेगवेगळे थर निघाले. घोड्याला चार असतात, सरड्या-मगरींना दोन. थर कमीजास्त वेगाने झिजत, त्यामुळे दाताच्या मध्ये खोलगट पन्हाळ पडे आणि धार आपोआप टिकून राही. मूर्तीत यातलं काहीही दिसणार नाही, पण गाल भरलेला करताना माहीत असावं की आत हे यंत्र आहे.

झालरीला भोकं पाडू नका. याचा एक भाऊबंद आहे टोरोसॉरस, त्याच्या झालरीत दोन मोठी भोकं असतात (वरून कातडं, बाहेरून दिसत नसणार). २०१७ साली आमच्या शेजारच्या थॉर्नटन गावात पोलीस आणि अग्निशमनच्या इमारतीचा पाया खणताना हाडं लागली. आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी ट्रायसेराटॉप्स. नंतर साफसफाई झाली तर टोरोसॉरस निघाला. २०१० मध्ये स्कॅनेला आणि हॉर्नर यांनी मांडलं की टोरोसॉरस म्हणजे म्हातारा ट्रायसेराटॉप्सच, वयाबरोबर झालर पातळ होऊन भोकं पडतात. दोन वर्षांत लाँगरिच आणि फील्ड यांनी खोडून काढलं, कारण टोरोसॉरसमध्येही कोवळी कवटी आहे. मी दुसऱ्या बाजूचा. ट्रायसेराटॉप्सची झालर भरीव हाडाची, कडेला त्रिकोणी दातेरी हाडं. पोरवयात टोकदार, म्हातारपणी सपाट. तुमचा मोठा आहे, तर फार टोकं काढू नका.

शिंगांबद्दल उद्या लिहितो, इथे रात्रीचे दीड वाजलेत.

---

शाडूवाला

डेन्व्हरकर साहेब, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा कारखान्यात उभं राहून मोठ्याने वाचलं, पोरं काम सोडून ऐकत होती.

झालर आजच सुटी केली. करवतीने मान मोकळी केली आणि खाली हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. तुम्ही म्हणालात तसा अंधार आला. खरंच फरक पडला हो. आता प्रश्न असा की डोकं पावणेचार फूट केलं तर सगळा तोल पुढे येतो. शेपटी टेकवली होती ती पण उचलायची का? पुतणी म्हणते उचलायची.

आणि स्मिथसोनियनवाल्यांचं ऐकून रात्री झोप लागली.

---

निवृत्त_पशुवैद्य

शिंगांचं मी सांगतो, डेन्व्हरकरांना झोपू द्या.

माझी ३१ वर्षं नोकरी जनावरांच्या दवाखान्यात झाली, त्यातली बहुतेक माणदेशात. म्हणजे खिल्लार. डायनासोर मी नातीमुळे शिकलो, शिंगं मात्र पोटासाठी.

शाडूवाले, तुम्ही शिंग एकसंध दांडक्यासारखं करणार, पेरूच्या फांदीसारखं. तसं नसतं. शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि त्यावर खोळ. आपल्या नखाचं जे द्रव्य तेच खोळीचं. एकदा खरसुंडीच्या यात्रेहून परतताना ट्रकच्या फळीत एका खोंडाचं शिंग अडकलं आणि खोळ मोज्यासारखी उपसून आली. मालक खोळ हातात घेऊन माझ्या दारात. जनावर बाहेर उभं, शिंगाच्या जागी लालभडक, ओला, टोकाला निमुळता हाडाचा खुंट, आणि त्यावर रक्तवाहिन्यांच्या बारीक चऱ्या. धुतलं, टिंक्चर बेंझॉइनची पट्टी गुंडाळली, वाचलं. नवी खोळ आली ती जरा वेडीवाकडी, पण आली. ट्रायसेराटॉप्सच्या कवटीचा जवळून काढलेला फोटो नातीने दाखवला तेव्हा मला तोच खुंट दिसला. त्याच चऱ्या. संग्रहालयात दिसतं ते शिंग नव्हे, शिंगाचा गाभा. खोळ कधीच कुजून गेली. म्हणून डोळ्यांवरच्या शिंगाचा गाभा मीटरभर सापडला, तर जिवंतपणी शिंग त्याहून लांब आणि टोकदार असणार. तुमच्या मापात दीड फूट गाभा धरा आणि वर दोन-तीन इंच खोळीचं टोक. नाकावरचं मात्र आखूडच.

अजून एक. बैलाचं शिंग बुडापासून मोडलं तर त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. नवीन डॉक्टर घाबरतो. कारण कपाळातली पोकळी शिंगाच्या आत गेलेली असते. या तीन शिंगवाल्यालाही तशी पोकळी होती, मेंदूच्या वर कवटीला दुहेरी छत आणि ती पोकळी शिंगाच्या बुडापर्यंत. त्यापुढे भरीव. म्हणून बुंध्याशी शिंग चांगलं जाड करा, मनगटासारखं नव्हे, पोटरीसारखं.

वाकडेपणा वयावर आहे. पिल्लाचं शिंग म्हणजे नुसतं बोंड. बर्कलीला जी सर्वांत लहान कवटी आहे ती जेमतेम सव्वा फुटाची. पुढे पोरवयात शिंगं मागे वळतात, आणि वयात येता येता दिशा बदलून पुढे झुकतात. हॉर्नर आणि गुडविन यांनी २००६ मध्ये एकामागोमाग कवट्या लावून हे दाखवलं. तेव्हा साहेबांच्या नातवाच्या खेळण्यात शिंगं मागे असतील तर ते पिल्लू समजायचं.

आणि ही शिंगं फक्त वाघासमोर, म्हणजे टी-रेक्ससमोर, उगारायला होती असं समजू नका. फार्के आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ट्रायसेराटॉप्सच्या झालरीवरच्या भरून आलेल्या जखमा तपासल्या, आणि याच कुळातल्या सेंट्रोसॉरसशी ताडून बघितल्या. सेंट्रोसॉरसचं मोठं शिंग नाकावर, डोळ्यांवरची नावाला. ट्रायसेराटॉप्सच्या झालरीच्या बाजूच्या हाडाला जखमा कितीतरी जास्त. दोन बैल शिंगात शिंग अडकवून रेटारेटी करताना टोक निसटून जिथे घुसेल, तिथेच. डेन्व्हरकरांच्या बिग जॉनच्या झालरीतही तसं एक भोक आहे, कडा भरून येत असलेल्या. टी-रेक्सशी गाठ पडलेलाही एक आहे म्हणा, त्याचं डोळ्यावरचं शिंग चावून तोडलेलं आणि नंतर हाड भरलेलं. म्हणजे त्या दिवशी वाचला तो.

वैद्याला वैद्याचं म्हणून एक जादा. बैलाच्या शिंगाचा कर्करोग आपल्याकडे नवा नाही, मी कितीतरी शिंगं कापलीत. पण १९८९ मध्ये कॅनडाच्या आल्बर्टात सेंट्रोसॉरसच्या पोटरीचं एक हाड सापडलं, टोकाला फुगलेलं. मोडून जुळलेलं हाड म्हणून फळीवर ठेवून दिलं. तीस वर्षांनी माणसांच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून, चकत्या काढून, माणसाच्या हाडाशेजारी ठेवून बघितलं. हाडाचा कर्करोग, पुढच्या टप्प्यातला. २०२० मध्ये छापून आलं. एवढं लंगडं जनावर, पण मेलं ते त्याने नाही बहुधा, कारण ते सापडलं कळपाच्या हाडांच्या राशीत, आणि ती रास पुरात बुडालेल्यांची. मी नातीला म्हटलं, कळपात होतं म्हणून इतके दिवस जगलं असेल. ती म्हणाली, आजोबा, हे तुमचं मत आहे. बरोबर आहे तिचं.

---

डेन्व्हरकर

डॉक्टरसाहेब, दंडवत. माझं उद्याचं काम तुम्ही माझ्यापेक्षा बरं केलंत.

तुमच्या खोंडाच्या गोष्टीवरून सांगतो. १८८७ साली डेन्व्हरजवळ एका ओढ्यात जॉर्ज कॅनन नावाच्या शाळामास्तरांना दोन मोठी शिंगं कवटीच्या तुकड्यासह मिळाली. ती गेली येल विद्यापीठाच्या मार्शकडे. मार्श त्या काळातला या विषयातला बडा माणूस. त्याने बघितलं आणि ठरवून टाकलं: गवा! नामशेष झालेला एक अवाढव्य गवा. नावही दिलं, 'बायसन आल्टिकॉर्निस'. तुम्हाला जो खुंट ओळखीचा वाटला तो त्यालाही वाटला होता, फक्त तो तिथेच थांबला. पुढे त्याचा माणूस हॅचर वायोमिंगमधून कवट्या पाठवत राहिला. चार वर्षांत तीसहून जास्त शिंगाळ्या कवट्या, घोडागाडीवर, रस्ते नसलेल्या मुलखातून. त्यातली पहिली आल्यावर १८८९ मध्ये मार्शला नवं नाव द्यावं लागलं: ट्रायसेराटॉप्स.

शाडूवाले दादा, शेपटी उचला. या जनावराची शेपटी तशी आखूड, कंबरेपासून किंचित उतरती, जमिनीपासून सुटी. फरपटत न्यायची नाही. तोल जनावराने कसा सांभाळला तसाच तुम्ही सांभाळा: कंबर. कंबरेचे दहाएक मणके एकजीव झालेले असतात आणि सगळी ओढ तिथे येते. तुमच्या सांगाड्यात तोच सांधा सगळ्यांत दणकट हवा.

कातडं गुळगुळीत नको आणि मगरीच्या पाठीसारखंही नको. वायोमिंगच्या एका ट्रायसेराटॉप्सच्या कातड्याचा मोठा ठसा सापडलाय, ह्यूस्टनच्या संग्रहालयात आहे. बहुकोनी खवले, मधेमधे मोठे, आणि काहींच्या मध्यावर उंचवटा.

---

वरोऱ्याचा

सगळं बरोबर, पण मले एक सांगा भाऊ, महाराष्ट्रातल्या बागेत अमेरिकेचा डायनासोर कायले पाहिजे?

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरांची हाडं तिथे आणि शेजारच्या डोंगरगावला निघालीत. डोंगरगावच्या हाडांवरून १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी नवी जात सांगितली, २००३ मध्ये तिला इसिसॉरस नाव मिळालं. इसि म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, आयएसआय. आता हा डायनासोर आमचा, पण किती शाळांच्या भिंतीवर आहे? शून्य. तीन शिंगवाला मात्र प्रत्येक दप्तरावर.

शिंगाळू शाकाहारी भारतात आजवर एकही सापडला नाही. ते सगळे मुख्यतः आशिया आणि उत्तर अमेरिकेतले, आणि आपला भारत तेव्हा समुद्रात एकटा बेट होऊन उत्तरेकडे निघालेला. शिंग पाहिजेच असेल तर गुजरातचा राजासॉरस घ्या, कपाळावर एक बोथट उंचवटा होता. पण तो मांस खाणारा, म्हणजे तुमच्या बागेतल्या लेकरांना घाबरवेल.

---

शाडूवाला

वरोऱ्याचे भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण ऑर्डर तीन शिंगांची आहे, आणि मी मूर्तिकार, नगरसेवक नाही. इसिसॉरसचा नमुना करून पुढच्या वेळी साहेबांपुढे ठेवतो. लांब मानेला पाइप मात्र जास्त लागेल, भाव वाढेल.

एक विचारायचं राहिलं. बागवाले चौथऱ्यावर हिरवी लॉन लावणार आहेत. चालेल ना?

---

वरोऱ्याचा

लॉनवरून सांगतो, ऐका. त्या काळी गवत होतं का, याचा पुरावा आमच्या पिसदुऱ्याने दिला. तिथे डायनासोरचं दगड झालेलं शेण मिळतं, शेतात नांगराला लागतं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं तर आत गवताचे वाळूसारखे सूक्ष्म कण निघाले, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ मध्ये जगभर छापून आलं. त्याआधी पुस्तकात लिहीत, डायनासोर आणि गवत यांची भेटच झाली नाही.

---

डेन्व्हरकर

हे मला माहीत होतं, पण ते शेण पिसदुऱ्याचं हे विसरलो होतो. धन्यवाद.

दादा, लॉन लावूच द्यायची असेल तर लावा, पण ट्रायसेराटॉप्सच्या रानात कुरणं नव्हती. नेचे, ताडाची जात, रुंद पानांची झाडं. त्याचं डोकं जमिनीलगत, तेव्हा कमरेएवढ्या उंचीचं जे असेल ते चोचीने ओरबाडायचं आणि अडकित्त्यात द्यायचं. बागवाल्यांना सांगून चौथऱ्याच्या कडेने नेचे आणि सायकस लावून घ्या. नर्सरीत मिळतील.

आणि वरोऱ्याच्या भाऊंच्या तक्रारीला अर्धं उत्तर माझ्याकडे आहे. मोंटानात एक शिंग मिळालंय, डोळ्यावरचं, ४५ सेंटीमीटरचं, या कुळातल्याच कुणाचं तरी. ज्या पातळ थरानंतर डायनासोर दिसत नाहीत, त्या थराच्या खाली फक्त १३ सेंटीमीटरवर. एक वीतसुद्धा नाही. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा तो शेवट झाला उल्केने. पण त्याच सुमाराला, उल्केच्या आधी आणि नंतरही, दख्खनचा लाव्हा वाहत होता. म्हणजे हे जनावर मोंटानात चरत होतं तेव्हा पेणमागचा डोंगर तयार होत होता. चौथरा काळ्या दगडाचा करा म्हणजे झालं, दोघं एका वयाचे.

---

निवृत्त_पशुवैद्य

पाटीवर नाव काय घालणार? ट्राय म्हणजे आपलं त्रि. केरास म्हणजे शिंग, आणि भाषावाले सांगतात की शृंग त्याच मुळातलं. ऑप्स म्हणजे चेहरा. खाली कंसात 'त्रिशृंगमुख' लिहा. पोरं हसतील, पण लक्षात ठेवतील.

---

शाडूवाला

मंडळी, कळवायचं राहून गेलं, कामात होतो.

पुढचे पाय पाडले, नवे केले. कोपर जमेना. शेवटी पुतणीला अंगणात जोर काढायच्या पवित्र्यात उभं केलं, थोडं खाली जा म्हटलं, थांब म्हटलं, आणि तिचं कोपर बघून माती लावली. दहा मिनिटांत हात भरून आले तिचे, पण तक्रार केली नाही. आतली तीन बोटं जाड, दोन बारीक बाहेरची. दात काढले, चोच केली. शिंगं डॉक्टरसाहेबांनी सांगितली तशी, बुडाशी पोटरीएवढी. खोळ वेगळी दिसावी म्हणून बुडाशी एक बारीक कडा सोडलीय, खऱ्या बैलाच्या शिंगाला असते तशी. शेपटीत दीड इंची पाइप घालून कंबरेच्या सांध्याला वेल्ड केला. मी लोंबकळून बघितलं, हललं नाही.

रंगाचं साहेब म्हणाले हिरवा. डेन्व्हरकर, तुमचं काय मत?

---

डेन्व्हरकर

ट्रायसेराटॉप्सचा रंग कोणालाच माहीत नाही. पण याच कुळातला एक लहानसा पूर्वज-भाऊ आहे, सिटॅकोसॉरस, चीनमधला, दोन पायांवर चालणारा. फ्रँकफर्टच्या संग्रहालयात त्याचा नमुना कातड्यासकट आहे, रंगाच्या खुणांसकट. २०१६ मध्ये त्यावरून रंगवलेला पुतळा केला: पाठ गडद तपकिरी, पोट फिकट. म्हणजे सावलीत जनावर सपाट दिसावं आणि नजरेस येऊ नये. तुम्ही स्प्रे गनने वरून खाली शेडिंग करा तसंच. हिरव्याचा आग्रह असेल तर मळका, शेवाळी घ्या. पोपटी नको.

डोळा कवटीच्या बाजूला, शिंगाच्या बुडाखाली. मोठा करू नका, एवढ्या डोक्याला तो लहानच दिसतो.

---

शाडूवाला

शेवाळीवर साहेब राजी झाले. डोळ्यांची आखणी मी सगळ्यांत शेवटी करतो, गणपतीचीही. परवा करणार.

पुढचे जुने पाय पाडायच्या आधी त्यांचा साचा काढून ठेवला होता, म्हटलं चांगले उतरलेत, वाया कशाला घालवा. काल एक लग्नाच्या हॉलवाला आला, त्याला दारात हत्ती हवाय. दोन पाय तयार आहेत, आता मागचे दोन करायचे.